जंजिरा काही मिळाला नाही

'अपयश ही यशाची पहिली पायरी आहे.' हे वाक्य दहावी-बारावीच्या निकालानंतर आमच्या अलिबागेत इतक्यांदा ऐकू येतं की कुणी मोजतही नाही. क्लासच्या फलकावर ते असतं, सत्काराच्या भाषणात असतं, आणि नापास झालेल्या मुलाच्या घरी भेटायला आलेला प्रत्येक पाहुणा चहाचा कप खाली ठेवता ठेवता तेच म्हणतो. मला हे वाक्य आवडत नाही. पायरी म्हटली की पुढे जिना आहे असं आपण धरूनच चालतो. चढत राहायचं, वर दार आहेच. पण काही पायऱ्या समुद्रात उतरतात, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना तरी माहीत असायला हवं.

आमच्याकडे त्याचा दगडी पुरावाच उभा आहे. मुरूडच्या पुढे राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसलं की थोड्याच वेळात जंजिऱ्याच्या दरवाजाशी पोहोचतो. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. होडीवाला तिथपर्यंत गोष्ट सांगत आणतो आणि शेवटी ठरलेलं वाक्य टाकतो, 'हा किल्ला कुणालाच जिंकता आला नाही.' होडीतली माणसं मान डोलावतात, फोटो काढतात, कलालबांगडी तोफेवर हात फिरवतात आणि जेवायला परत येतात. ज्यांना तो जिंकता आला नाही त्यांनी मग पुढे काय केलं, हे कुणी विचारत नाही. मला वाटतं आपल्या मुलांना सांगण्याजोगी खरी गोष्ट तिथून सुरू होते.

आधीच सांगते, ही लढाईची गोष्ट आहे आणि आमच्यासारख्या घरात ती जरा अडखळतच सांगितली जाते. माणसं मेली आहेत, दोन्हीकडची. तोफा-तलवारींचं कौतुक करण्यासाठी मी हे लिहीत नाही. एका माणसाला, आणि त्याच्यामागून दोन-तीन पिढ्यांना, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा साधली नाही, तेव्हा त्यांनी त्या न साधण्याचं काय केलं, तेवढंच मला बघायचं आहे.

जंजिऱ्याच्या सिद्दीवर शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या १६५७ च्या सुमारास सुरू झाल्या. १६६९ च्या मोहिमेत तर किल्ला हाती आल्यासारखाच होता. किल्लेदार फत्तेखान तह करून किल्ला द्यायला तयार झाला होता, पण त्याच्याच सिद्दी सहकाऱ्यांनी त्याला कैदेत टाकलं आणि ते मोगलांच्या आश्रयाला गेले. मग १६७१ चा शिमगा. समोरच्या किनाऱ्यावरचं दंडा-राजपुरी तेव्हा मराठ्यांकडे होतं. होळीच्या रात्री तिथली माणसं सणात दंग असताना सिद्दी कासीमने छापा घातला आणि ठाणं गेलं. पुढे १६७६ मध्ये मोरोपंतांची मोहीम. लाय पाटील या कोळी वीराने आपल्या माणसांनिशी रात्री तटाला शिड्या लावल्या आणि पंतांच्या फौजेची वाट पाहत ते तटाखाली थांबले. फौज वेळेवर आलीच नाही. उजाडायला लागलं तेव्हा शिड्या काढून परत फिरावं लागलं. महाराजांनी लाय पाटलांना पालखीचा मान देऊ केला, तर ते म्हणाले, दर्यात राहणाऱ्याला पालखी काय कामाची? तेव्हा त्यांना 'पालखी' नावाचं गलबतच दिलं, असं सांगतात. गोष्ट गोड आहे म्हणून आपण पालखीपाशी थांबतो. शिड्या लावलेल्या होत्या आणि मागची माणसं पोहोचली नाहीत, हे बाजूला राहतं.

या दोन घटनांच्या मध्ये एक पत्र आहे, १६७५ सालचं. महाराजांनी जंजिऱ्यासमोर, मुरूडच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधायला घेतला होता. राजपुरीच्या तोंडासमोर आपली दुसरी राजपुरी उभी करायची, असा तो बेत. त्या कामावरच्या माणसांसाठी पैसा आणि सामान पाठवायची जबाबदारी प्रभावळीच्या सुभेदाराकडे, जिवाजी विनायक यांच्याकडे होती. ते सामान पोहोचलं नाही. महाराजांनी त्यांना असं पत्र लिहिलं की वाचताना आजही कान गरम होतात. शत्रूने तुम्हाला फितवलं आहे काय, इथपर्यंत विचारलं आहे, आणि ब्राह्मण म्हणून गय होणार नाही हेही बजावलं आहे.

मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. घर चालवणारी बाई आहे. त्यामुळे मला या तिन्ही प्रसंगांत एकच धागा दिसतो. शौर्य कुठेही कमी पडलेलं नाही. शिमग्याच्या रात्री पहारा कमी पडला. पद्मदुर्गावर रसद कमी पडली. शिड्यांपाशी वेळ चुकली. पराक्रम करणारे होते, पोहोचवणारे, जागणारे आणि वेळ पाळणारे कमी पडले. ज्या घरात पन्नास पानांचं जेवण उठतं त्या घरातल्या बाईला हे सांगावं लागत नाही. भाजी कितीही चांगली होवो, मीठ आणायला गेलेला माणूस वेळेत आला नाही तर पंगत खोळंबते, आणि कौतुक मात्र भाजीचंच होतं.

म्हणूनच 'शिस्त' या शब्दाला आपण जो रुबाब चिकटवला आहे तो मला खटकतो. पहाटे चारला उठणं, थंड पाण्याने आंघोळ, भिंतीवर वेळापत्रक, त्याचा फोटो. खरी शिस्त बहुतेक वेळा दिसतच नाही. ती पद्मदुर्गावर वेळेत पोहोचलेल्या चुन्याच्या गोणीसारखी असते. त्या किल्ल्यावर गेलात तर जरूर बघा, खाऱ्या वाऱ्याने दगड झिजून आत गेले आहेत आणि दोन दगडांमधला चुना मात्र तसाच उभा आहे, मधाच्या पोळ्यासारखा. तो चुना कुणी मळला, त्याचं नाव कुठेच नाही.

आता अपयशाचा दुसरा प्रकार. १६८१-८२ मध्ये संभाजी महाराजांनी जंजिऱ्याला वेढा दिला. कोंडाजी फर्जंद फितुरीचं सोंग घेऊन किल्ल्यात गेले, दारूकोठार उडवायचा बेत होता, तो फुटला आणि त्यांचा जीव गेला. मग महाराजांनी खाडीत दगड टाकून किनाऱ्यापासून थेट किल्ल्यापर्यंत बांध घालायला घेतला. समुद्र बुजवायचा! काम जोरात चाललं होतं. तेवढ्यात मोगल सरदार हसन अलीखान कल्याणच्या बाजूने चालून आला आणि महाराजांना मोहीम दुसऱ्यांवर सोपवून परतावं लागलं. बांध अर्धवट राहिला, जंजिराही राहिला. इथे पहारा ढिला नव्हता, कष्टही कमी नव्हते, हिंमत तर खाडी बुजवण्याएवढी होती. तरी झालं नाही, कारण समोर समुद्र होता आणि पाठीवर औरंगजेब.

ही दोन अपयशं एका नावाने ओळखणं मला मोठी चूक वाटते. शिमग्याच्या रात्रीचं अपयश आपल्या हातातलं होतं आणि पुढच्या वेळी पहारा ठेवून ते टाळता आलं असतं. बांधाचं अपयश आणखी दगड टाकून टळलं नसतं. पहिल्यावर शिस्त हे औषध आहे. दुसऱ्यावर शिस्तीचा डोस वाढवणं म्हणजे पोट दुखत असलेल्याला डोक्याचा बाम चोळत बसणं.

आमच्याकडे संध्याकाळच्या प्रतिक्रमणात हे फार बारकाईने केलं जातं. 'माझं चुकलं' एवढं म्हणून सुटका नसते. प्रत्येक व्रताचे पाच-पाच अतिचार सांगितलेले आहेत आणि त्यांतला नेमका कोणता घडला ते आठवायचं असतं. लहानपणी मला ती यादी कंटाळवाणी वाटायची. आता वाटतं, मोघम पश्चात्ताप सोपा असतो, रडून मोकळं होता येतं. नेमकं नाव घेतलं की दुसऱ्या दिवशी काय बदलायचं ते समोर येऊन उभं राहतं. कधी असंही कळतं की यात आपला दोष नव्हताच, आणि तेही कळायला हवं. जे घडलं नाही त्याची आलोचना करत बसणं हीसुद्धा एक फसवणूकच आहे.

तर मराठ्यांनी काय केलं? आता खांदेरीकडे यावं लागेल.

थळच्या समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी अशी दोन बेटं आहेत. मुंबईच्या तोंडाशी असल्यामुळे ती ज्याच्या हातात, त्याची नजर मुंबईच्या इंग्रजांवर आणि तिथे पावसाळ्यात आसऱ्याला येणाऱ्या सिद्दीच्या आरमारावर. १६७२ मध्ये महाराजांनी खांदेरीवर बांधकाम सुरू करून पाहिलं. इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आले आणि काम सोडून द्यावं लागलं. म्हणजे हेही एक अपयश, जंजिऱ्याच्या खात्यात भर.

सात वर्षं गेली. १६७९ च्या ऑगस्टमध्ये मायनाक भंडारी दीडशेच्या आसपास माणसं आणि चार लहान तोफा घेऊन खांदेरीवर उतरले. महिना बघा. ऑगस्ट म्हणजे पाऊस ओसरायला आलेला, पण समुद्र अजून मोठ्या जहाजांना धार्जिणा नाही. इंग्रजांची जहाजं येऊन बेटाला वेढा घालेपर्यंत तटाचे दगड चढायला लागले होते. इंग्रजांनी बेट सोडायला सांगितलं, मायनाकांनी उत्तर दिलं की हुकूम धन्याचा आहे. सप्टेंबरमध्ये इंग्रजांची एक तुकडी बेटावर उतरू पाहत होती, तिचा अधिकारी थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचं आरमार बाहेर पडलं आणि इंग्रजांचं डव्ह नावाचं गुराब मराठ्यांनी पकडलं.

पण मला खरी मजा वाटते ती रात्रीच्या होड्यांची. इंग्रजांची जहाजं मोठी, उंच, तोफांनी भरलेली, वारा पडला की जागच्या जागी खिळणारी. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या, वल्ह्यांनी हाकता येणाऱ्या. नागावच्या खाडीतून अंधारात त्या निघायच्या आणि वेढ्यातून निसटून धान्य, दारूगोळा आणि माणसं बेटावर पोहोचवून परत यायच्या. रात्रीमागून रात्र. इंग्रजांना दिसायच्या, पण हाती लागायच्या नाहीत. मोठी जहाजं नाहीत हे ज्यांचं वैगुण्य म्हणायचं, त्यांनी लहान होडीचाच उपयोग केला. आणि पद्मदुर्गाच्या वेळी जी गोष्ट फसली होती, रसद पोहोचवण्याची, ती या खेपेला महिनोन् महिने एकही नागा न करता झाली. जुन्या चुकीचं नाव घेतलेलं असल्याशिवाय हे होत नाही असं माझं मत आहे. इतिहासकार कदाचित याला अधिक मोठी कारणं देतील, देवोत.

१६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह केला आणि जहाजं मागे घेतली. सिद्दीने तोवर शेजारची उंदेरी बळकावली आणि तिथून तोफा डागायला सुरुवात केली. म्हणजे यशही स्वच्छ नव्हतं, शेजारी बसलेलाच होता. तरी खांदेरी उभी राहिली. त्याच वर्षी मार्चमध्ये अलिबागच्या खडकावर कुलाबा किल्ल्याचं काम सुरू झालं. ३ एप्रिलला महाराज गेले. किल्ला संभाजी महाराजांनी पुरा केला. ओहोटीला चालत जाऊन त्याचा तट पाहिलात तर लक्षात येईल, मोठमोठे दगड नुसते एकमेकांवर रचले आहेत, मध्ये चुना नाही. लाट येते, फटींतून आत शिरते, तिचा जोर तिथेच मोडतो. पद्मदुर्गावर चुना टिकला, इथे चुना वगळला. दोन्ही बरोबर. जागा बघून ठरवलेलं.

याच कुलाब्यावरून पुढे कान्होजी आंग्रे सगळ्या किनाऱ्यावर हुकमत चालवत होते. १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला, हात हलवत परत गेले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले, तेही फसले. या सगळ्या काळात जंजिरा कुठे होता? होता तिथेच, सिद्दीकडे. बाजीराव पेशव्यांनी १७३३ मध्ये पुन्हा मोहीम काढली. सिद्दीचा बराच मुलूख घेतला, हातचा गेलेला रायगड परत मिळवला. जंजिरा मिळाला नाही. तो संस्थान म्हणून राहिला आणि १९४८ मध्ये भारतात विलीन झाला.

गेल्या वर्षी, म्हणजे जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आपल्या किनाऱ्यावरचा त्यातला किल्ला खांदेरी आहे.

हे सगळं मी एवढं घोळवून सांगते आहे त्याला कारण आमच्या घरातलं आहे. नणंदेचा मुलगा रेवदंड्याला असतो, मला मामी म्हणतो. त्याने दोनदा नीट दिली. पहिल्या वर्षी अभ्यास धड झाला नव्हता, हे तो स्वतःच सांगतो. मोबाइल, मित्र, गणपतीत पंधरा दिवस गेले ते गेलेच. ते शिमग्याचं अपयश. दुसऱ्या वर्षी मात्र पोराने कमाल केली. मोबाइल आईच्या कपाटात, पहाटेची उठबस, आठवड्याला चाचणी, चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही. ती वही मी पाहिली आहे, अक्षर सुद्धा सुधारलं होतं. गुण चांगले वाढले. सरकारी महाविद्यालयाला पुरतील इतके नाही. खासगीची फी त्यांच्या किराणा दुकानाला झेपणारी नाही, आणि दुकान गहाण टाकायची भाषा सुरू झाली आहे.

आता घरात तिसऱ्या वर्षाची चर्चा आहे. नणंदेचे यजमान म्हणतात, हार मानायची नाही. मुलगा गप्प असतो. त्याला बी.फार्म.ला जायचं आहे. सीईटी त्याने दिलेली आहे आणि तिचे गुण प्रवेशापुरते आहेत. 'डॉक्टर नाही तर औषधवाला व्हायचं का?' असं वडिलांनी विचारलं तेव्हा तो उठून आत गेला.

माझं म्हणणं मी तिथे बोलून दाखवलं आणि इथेही लिहिते. दुसऱ्या वर्षीची त्याची वही ज्याने पाहिली आहे त्याने त्याला 'आणखी जोर लाव' म्हणू नये. जोर लावून झाला आहे. तिसरं वर्ष म्हणजे त्याच खाडीत आणखी दगड. जागा मोजक्या, मुलं लाखांनी, आणि त्यातल्या कितीतरी मुलांची वही याच्यासारखीच नीटनेटकी. हरलेल्या मुलात काहीतरी कमी असणारच, हे आपण न तपासता धरतो, आणि ते त्याच्या कानावर रोज पडतं. दोन वर्षांत त्याने जे कमावलं, वेळेवर बसणं, चुकांची वही, रसायनशास्त्रातली गती, ते काही नीटच्या मालकीचं नाही. ते दुसऱ्या बेटावरही चालतं. उलट ज्याने एकही वर्ष नीट अभ्यास केलेला नाही त्याने 'माझी वाट वेगळी आहे' म्हणून उठू नये. त्याला मी सांगेन, बाबा, आधी पहारा ठेव, मग बेट बदल.

आपल्या बायकांकडे या बाबतीत एक जास्तीचं काम येतं, ते म्हणजे वडील आणि मुलाच्या मध्ये उभं राहणं. नणंद रोज रात्री फोन करते. चौमासात एकाशनं चालू आहेत तिची, आणि त्यातही ती अर्धं ताट बाजूला सारते असं सून सांगत होती. मुलाच्या भवितव्यासाठी तप वाढवते आहे असं ती म्हणते. मी तिला म्हटलं, तप तुझं तू कर, पण दुकानाचे कागद मात्र कपाटातून काढू देऊ नकोस.

परवा तिच्या यजमानांशी समोरासमोर बोलणं झालं. खांदेरीची गोष्ट मी त्यांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. रेवदंड्याचा माणूस, त्यांना यातलं बरंच माझ्याहून जास्त माहीत. मग म्हणाले, 'पण वहिनी, जंजिऱ्याचा नाद काही त्यांनी सोडला नव्हता. खांदेरी झाल्यावरसुद्धा संभाजी महाराज गेलेच ना तिकडे?'

प्रश्न बरोबर होता. नाद सोडला नव्हताच. मी म्हटलं, नव्हता सोडला, पण जंजिरा मिळेपर्यंत खांदेरी थांबवूनही ठेवली नव्हती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुकानात गिऱ्हाईक आलं, त्याला साखर बांधून दिली, सुट्टे पैसे दिले. मग त्यांनी विचारलं, 'बी.फार्म. करता करता नीट देता येते का?' मी म्हटलं, ते त्यालाच विचारा. त्यांनी मुलाला हाक मारली.